दोन विधानसभा, आमदार एकही नाही

चंदीगडच्या सेक्टर 1 मध्ये ल कॉर्बुझिएनं उभारलेल्या एकाच इमारतीत पंजाबची विधानसभा भरते आणि हरियाणाचीही. त्या दोन्हींतल्या एकाही खुर्चीसाठी या शहराच्या मतदाराला मत देता येत नाही. लोकसभेचा एक खासदार आणि वॉर्डाचा नगरसेवक, एवढीच त्याची मिळकत. मी मूळचा कराडचा. आमच्याकडे ग्रामपंचायत, सोसायटी, साखर कारखाना असं करत निवडणूक बारा महिने चालूच. केंद्राच्या नोकरीत बदली होऊन इथं आलो, तेव्हा शिवालिकच्या पायथ्याचं हे शहर राजकारणात अगदी थंड वाटलं. पुढं इलेक्शन ड्युट्या करता करता कळलं, की ते थंड नाही, हिशेबी आहे.

हिशेब 1966 पासूनचा. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला पंजाबातून हरियाणा वेगळा निघाला. चंदीगडवर दोघांनी हक्क सांगितला, म्हणून ते केंद्रानं आपल्याकडं ठेवलं. लगेच 1967 मध्ये इथून निवडून आले ते जनसंघाचे श्रीचंद गोयल. फाळणीत सगळं सोडून आलेल्या पंजाबी हिंदू कुटुंबांना आणि सरकारी नोकरांना आता पुन्हा आपलं गाव दुसऱ्याच्या हातात जायला नको होतं, असा मी त्याचा अर्थ लावतो. ती धास्ती खोटी नव्हती. 1970 मध्ये इंदिरा गांधींनी चंदीगड पंजाबला द्यायचं जाहीर केलं. 1985 च्या राजीव-लोंगोवाल करारात तर 26 जानेवारी 1986 ही तारीखही ठरली. तारीख आली आणि गेली. चंदीगड पंजाबला मागणाऱ्या अकाली दलाला ही जागा आजवर एकदाही जिंकता आलेली नाही.

त्यानंतरची यादी पाहा. 1971 मध्ये काँग्रेसचे अमरनाथ विद्यालंकार, 1977 मध्ये जनता पक्षाचे कृष्णकांत (जे पुढं उपराष्ट्रपती झाले), 1980 आणि 1984 मध्ये काँग्रेसचे जगन्नाथ कौशल, 1989 मध्ये जनता दलाचे हरमोहन धवन, 1991 मध्ये काँग्रेसचे पवनकुमार बन्सल, 1996 आणि 1998 मध्ये भाजपचे सत्यपाल जैन. दिल्लीत ज्याची हवा, त्याचाच माणूस चंदीगडनं पाठवला. यात निष्ठाबिष्ठा फारशी नाही. घराच्या बांधकामाचा नियम असो की झोपडीचं पुनर्वसन, कागद शेवटी केंद्राकडंच जातो. मग तिथं ज्याला आत घेतील असाच माणूस निवडलेला बरा!

इथला कारभार प्रशासक पाहतो, आणि 1980 च्या दशकापासून पंजाबचे राज्यपालच प्रशासक असतात. 2010 ते 2015 या काळात ते पद आपल्या लातूरच्या शिवराज पाटलांकडं होतं. तेव्हा मराठी मंडळींच्या गणपतीत पंजाबी शेजारी मला चिडवायचे, ‘शहर तुमचं, मत आमचं.’ चिडवण्यात तथ्य होतं.

ड्युटीवर मी दोन्ही टोकं पाहिली. उत्तरेकडच्या सेक्टरांत मोठ्या कोठ्या. तिथल्या बूथवर सकाळी पहिले यायचे ते मागच्या खोल्यांत राहणारे स्वयंपाकी आणि माळी, मालक नाश्ता उरकून. डड्डूमाजरा किंवा मलोयाला मात्र केंद्र उघडण्याआधीच रांग. पक्कं घर मिळणार की बुलडोझर येणार, हा तिथला प्रश्न. धवन यांचं राजकारण या वस्त्यांवर उभं होतं, म्हणून नंतर ते पक्षामागून पक्ष बदलत गेले, तरी त्यांचं नाव तिथं टिकलं.

दिल्लीशी जमवून घेण्याची सवय 1999 मध्ये पहिल्यांदा मोडली. वाजपेयींचं सरकार आलं, पण इथून बन्सलच निवडून आले आणि 2009 पर्यंत सलग तीनदा जिंकले. 2013 मध्ये भाच्याच्या लाच प्रकरणात त्यांना रेल्वेमंत्रिपद सोडावं लागलं. पुढच्याच वर्षी भाजपच्या किरण खेर यांनी त्यांना हरवलं; शहराला मिळालेली ही आजवरची एकमेव स्त्री खासदार. त्याच निवडणुकीत आम आदमी पक्षाच्या गुल पनाग तिसऱ्या आल्या, पण लाखावर मतं घेऊन. 2021 च्या महापालिका निवडणुकीत 35 पैकी 14 जागा घेऊन हा पक्ष पहिला आला. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

महापौराची निवडणूक मात्र माझ्यासारख्याला पाहवत नाही. एकेका मतपत्रिकेसाठी आम्ही रात्र रात्र जागून हिशेब जुळवलेला. 30 जानेवारी 2024 ला एकूण मतं 36 (35 नगरसेवक आणि खासदार), त्यांतली 20 आप आणि काँग्रेसच्या बाजूची. मतमोजणीला बसलेल्या नियुक्त नगरसेवकानं आठ बाद ठरवली आणि भाजपचा उमेदवार 16 विरुद्ध 12 असा विजयी जाहीर केला. कॅमेऱ्यात तो स्वतःच मतपत्रिकांवर पेन चालवताना दिसला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं मतपत्रिका न्यायालयात मागवून तपासल्या आणि 20 फेब्रुवारीला आपचे कुलदीपकुमार यांना महापौर घोषित केलं. जूनमध्ये मतदारांनी काँग्रेसचे मनीष तिवारी यांना लोकसभेत पाठवलं, तेही अवघ्या 2,504 मतांनी आणि पुन्हा दिल्लीच्या हवेविरुद्ध.

जानेवारी 2025 मध्ये आप आणि काँग्रेसकडं पुन्हा 20 मतं होती. मतदान गुप्त होतं आणि भाजपच्या हरप्रीत कौर बबला 19 विरुद्ध 17 अशा जिंकल्या. त्यानंतर नियम बदलून महापौराची निवड हात वर करून करायचं ठरलं. महापौराची मुदत मात्र अजूनही एकच वर्ष आहे, आणि प्रशासक दिल्लीच नेमते.