माहीमचा उपसागर आणि त्याचे कोळी

मुंबईच्या इतिहासांत बेटांची देवघेव पुष्कळ वेळां झालेली दिसते. गुजराथच्या बहादूरशहानें १५३४ सालीं तीं पोर्तुगीजांस दिलीं; १६६१ च्या विवाहतहानें तीं इंग्लंडच्या राजास आंदण मिळालीं; आणि त्या राजानें १६६८ सालीं वर्षाला अवघ्या १० पौंडांच्या खंडावर तीं कंपनीच्या हवालीं केलीं. वांद्रे व वरळी यांच्यामधील पाण्यावर ज्यांचें पोट होतें, त्या कोळ्यांची संमति मात्र यांपैकीं कोणीं घेतली नव्हती.

या किनाऱ्यावरील कोळ्यांचें जुनें साधन म्हणजे ‘डोल’. रुंद तोंडाची आणि निमुळत्या शेपटाची ही जाळ्याची पिशवी समुद्रतळांत रोवलेल्या खुंटांस बांधून प्रवाहाच्या तोंडीं धरावयाची. मासळीचा पाठलाग करण्याचें कारण नाहीं. बोंबील, जवळा, कोळंबी यांस पाणीच आंत आणून घालतें. पाणी स्तब्ध होतांच जाळें उचललें पाहिजे, कारण प्रवाह उलटला कीं हातचा घास जावयाचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत पाण्यास ओढ मोठी, अष्टमीच्या सुमाराच्या भांगांत ती मंद. तेव्हां डोलकराला तिथि पाहावी लागते ती धर्मकृत्यापुरतीच नव्हे! बोंबील फार लवकर नासतो, म्हणून तो बांबूंच्या मांडवावर दोऱ्यांना टांगून वाळवावयाचा; त्यासाठीं मोकळा किनारा हवा. पुढील विक्री आणि पैशाचा व्यवहार बहुधा कोळणींच्या हातीं.

अशा धंद्याला अडथळा नसलेलें पाणी आणि मोकळी वाळू लागते. दोन्ही हळूहळू आटत गेलीं. १८४५ सालीं माहीम व वांद्रे यांना जोडणारा रस्ता खुला झाला. त्यासाठीं लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनीं १,५७,००० रुपये दिले. होडीनें खाडी ओलांडतांना प्रवाशांचे हाल होत, ते थांबले. या औदार्याचें मोल कमी नव्हे. पण मिठी नदी जेथें समुद्रास मिळते, तेथेंच हा बांध पडला. विसाव्या शतकांत वांद्र्याकडील किनारा भराव घालून पुढें सरकला, शहराचें सांडपाणी मिठीतून उपसागरांत येऊं लागलें, आणि २००९ सालीं त्याच्या मुखावर सागरी सेतु उभा राहिला.

पुढें वरळीजवळ सागरी किनारा मार्गाचें काम निघालें, तेव्हां तेथील कोळ्यांनीं खांबांमधील अंतर २०० मीटर ठेवण्याची मागणी केली. आराखड्यांत तें ६० मीटर होतें. डिसेंबर २०२२ मध्यें सरकारनें १२० मीटर मान्य केलें. वादळवाऱ्यांत परतणारी होडी सरळ रेषेंत येत नाहीं, एवढी गोष्ट पटवून देण्यास कोळ्यांस काहीं वर्षें आंदोलन करावें लागलें.