दोन औषधांचा सहवास

हृदयाची लय सांभाळणारी औषधे आणि रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविणारी औषधे ह्यांची कुळे निराळी. पण पुष्कळदा ती एकाच रुग्णाच्या उशाशी येतात. त्यांच्या सहवासात दडलेला धोका वैद्यकाला सावकाशीने उमगला.

अशा धोक्याचा एक धडा पूर्वीच मिळालेला होता. डिजॉक्सिन व क्विनिडीन ही हृदयाची दोन औषधे कित्येक दशके जोडीने दिली जात होती. क्विनिडीनमुळे डिजॉक्सिनचे रक्तातील प्रमाण वाढते, ही गोष्ट १९७८ साली उजेडात आली.

अमिओडॅरोन हे औषध १९६१ साली बेल्जियममध्ये तयार झाले, ते हृदयशूळावर. लयदोषावरील त्याचा गुण मागाहून ध्यानी आला. इकडे जपानमध्ये अकिरा एंडो ह्यांनी हजारो सूक्ष्मजीव तपासून १९७३ साली एका बुरशीतून पहिले स्टॅटिन वेगळे केले. १९८७ साली लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृद्रोग्यांवरील चाचणीने सिम्व्हास्टॅटिनमुळे मृत्यू घटतात, हे सिद्ध केले.

परंतु सिम्व्हास्टॅटिन व लोव्हास्टॅटिन ह्यांचे विघटन आतड्यांतील व यकृतातील ज्या विकराकडून होते, त्याच विकराच्या कामात अमिओडॅरोन अडथळा आणते. मग स्टॅटिन रक्तात साचते. क्वचित स्नायूंचे तंतू विरघळू लागतात आणि त्यांतील द्रव्य मूत्रपिंडांना निकामी करू शकते. म्हणून २००८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पुन्हा बजावले की, अमिओडॅरोन घेणाऱ्यास सिम्व्हास्टॅटिन दिवसाला २० मिलिग्रॅमहून अधिक देऊ नये. व्हेरापामिल व डिल्टियाझेम ह्यांच्या जोडीला ही मर्यादा २०११ साली १० मिलिग्रॅमवर आली. प्राव्हास्टॅटिन व रोसुव्हास्टॅटिन मात्र त्या विकरावर फारशी विसंबून नसल्याने अशा रुग्णांना पुष्कळदा अधिक सोयीची ठरतात.

अमिओडॅरोन शरीरातील मेदात साठते. ते थांबविल्यावरही त्याचा प्रभाव कित्येक आठवडे, कधी महिनोन् महिने टिकतो. तेव्हा औषध बंद झाले म्हणून सावधगिरी सोडून चालत नाही.

तथापि ह्या इतिहासाने भिऊन कोणी आपण होऊन औषध सोडणे हे दुसरे संकट ओढवून घेणे होय. कारण नसता स्नायू दुखू लागले, अशक्तता आली किंवा लघवीचा रंग गडद झाला, तर विलंब न करता वैद्याकडे जावे. निरनिराळे वैद्य निरनिराळी औषधे देत असतील, तर त्या सर्वांची यादी प्रत्येकाला दाखवावी. दोन्ही औषधे जीवनदायी आहेत. त्यांचे एकमेकांशी जमते की नाही, हे पाहण्याचे काम माणसाचे आहे.