लपवून लिहिलेले पान

चळवळीचा इतिहास आपण सभा, ठराव आणि मोर्चे यांच्या तारखांनी लिहितो. त्या सभेला निघालेल्या बाईचे वाटेत काय झाले, हे विचारीत नाही. बेबीताई कांबळे (१९२९–२०१२) यांचे 'जिणं आमुचं' पुन्हा वाचताना ही उणीव मला प्रकर्षाने जाणवली.

वीरगावला आजोळी महारवाड्यात वाढलेल्या बेबीताई तेराव्या वर्षी सासरी गेल्या. फलटणला त्यांनी किराणा दुकान थाटले. पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या वाचून काढीत. बाबासाहेबांच्या विचाराने त्या घडल्या, बौद्ध झाल्या, पुढे निंबुऱ्याला आश्रमशाळाही चालवली. लिहिणे मात्र घरात लपवावे लागले. तेही सुमारे वीस वर्षे. पुस्तक आले १९८६ साली.

त्यात महारवाड्यातल्या सुनांचा छळ आहे. लेखिकेचा स्वतःचा संसार जवळजवळ नाही. तो त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितला. नवऱ्याबरोबर मुंबईला सभेसाठी जाताना गाडीत काही तरुणांनी त्यांच्याकडे पाहिले. नवऱ्याने संशयाने असे मारले की नाकातून रक्त आले.

म्हणून 'आमुचं' हा शब्द मला मोठा वाटतो आणि बोचतोही. समाजाचे दुःख मांडताना त्यांनी आपले दुःख बाजूला ठेवले. आपणही त्याची विचारपूस केली नाही.

गुलामी नाकारणाऱ्या घरात बाईला लेखणी लपवावी लागली, हेही आपल्याच इतिहासाचे पान आहे. ते आपणच लिहिले पाहिजे.