सातारा-सांगली ओलांडून फुटबॉल

दिवाळीला सांगलीला जाताना मला हमखास अनिकेत जाधव आठवतो. हा कोल्हापूरचा पोरगा. गावात तालमींचे संघ, हाडवैरं, सगळं होतं; तरी घडायला सांगली-सातारा ओलांडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं! २०१७ मध्ये तो १७ वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला. भारत तिन्ही सामने हरला. पण महासंघाने एक शहाणपणा केला: त्यातली बरीच पोरं 'इंडियन ॲरोज' म्हणून आय-लीगमध्ये उतरवली, मोठ्यांशी भिडायला. २०२२ मध्ये तो संघच बंद! त्याच ऑगस्टमध्ये, रखडलेल्या निवडणुकांच्या घोळात, फिफाने महासंघालाही निलंबित केलं. महिन्याच्या आत सुटले म्हणा. पण कराड-सांगलीच्या पोराने आता कुठली यष्टी धरायची?