क्रेगलॉकहार्ट : ऐकून घेणाऱ्या रुग्णालयाची वाटचाल

एडिनबराच्या नैऋत्येला टेकडीच्या उतारावर उभी असलेली ही भव्य वास्तू १८८० मध्ये जलोपचारासाठी सुरू झाली. सुखवस्तू मंडळींनी यावे, पाण्याचे उपचार घ्यावेत, मोकळ्या हवेत हिंडावे, असा तो थाट. १९१६ च्या उन्हाळ्यात पहिल्या महायुद्धातली सोमची लढाई पेटली आणि ऑक्टोबरमध्ये हीच वास्तू लष्करी रुग्णालय झाली. इथे येणाऱ्यांच्या अंगावर बहुधा जखम दिसत नसे. कुणाची वाचा अडखळे, कुणाचे हात थरथरत, कुणाला झोपेची भीती वाटे. दिवसा गोल्फ आणि गप्पा चालत. रात्री मात्र खोल्याखोल्यांतून किंकाळ्या उठत.

डॉ. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील लेखात या आजारासाठी ‘शेल शॉक’ हे नाव वापरले, तेव्हा तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते असा समज होता. पण ज्यांच्याजवळ गोळा फुटलाच नव्हता, तेही कोसळत होते. मग हा भेकडपणा म्हणायचा का? लष्करातल्या अनेकांचे उत्तर ‘हो’ असेच होते. क्रेगलॉकहार्टच्या डॉक्टरांनी ते मानले नाही, आणि या संस्थेचे मोठेपण मला त्यातच दिसते.

त्यांतले डॉ. रिव्हर्स भारतात येऊन गेलेले. निलगिरीतल्या तोडा लोकांवरचा त्यांचा ग्रंथ १९०६ चा. परक्या माणसाचे म्हणणे घाई न करता ऐकून घेण्याची सवय त्यांना होतीच; रुग्णांशीही ते तसेच वागले. ‘झाले गेले विसरा’ हा सल्ला घातक आहे, दडपलेली आठवण रात्री दुप्पट जोराने वर येते, असे त्यांचे मत होते. ती आठवण सोसवेल अशा बेताने बोलून दाखवायला ते शिकवत. त्यांचे सहकारी डॉ. ब्रॉक यांचा भर कामावर होता. रुग्णाने शहरात मिसळावे, शिकवावे, लिहावे. ‘हायड्रा’ हे रुग्णांचे नियतकालिक १९१७ मध्ये सुरू झाले. ब्रॉक यांचे रुग्ण विल्फ्रेड ओवेन त्याचे संपादक झाले. युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन काढल्यामुळे इथे धाडलेले कवी सीगफ्रीड ससून त्यांना इथेच भेटले, आणि ओवेनच्या कवितेला धार चढली.

त्याच वर्षाच्या अखेरीस लष्करी तपासणी झाली. शिस्त ढिली वाटली म्हणून प्रमुख मेजर ब्राइस यांना हटवले गेले. रिव्हर्सही त्याच सुमारास लंडनला गेले. बरे झालेल्या माणसाला पुन्हा खंदकात पाठवायचे, हा त्यांच्या कामातला काटा त्यांना शेवटपर्यंत सलत राहिला. ओवेन परत गेले आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, शस्त्रसंधीच्या आठवडाभर आधी, मारले गेले. वय अवघे २५.

आपल्याकडे फारसे न सांगितले गेलेले एक नाते इथे नोंदवावेसे वाटते. ब्रॉक ज्यांच्या विचाराने भारावले होते, ते पॅट्रिक गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्याच पाठबळाने इंग्लंडला गेले आणि केंब्रिजमध्ये रिव्हर्स यांचे विद्यार्थी झाले. १९२२ मध्ये रिव्हर्स अकस्मात वारले. घुर्यांचा प्रबंध मानववंशशास्त्रज्ञ हॅडन यांच्याकडे पूर्ण झाला.

रुग्णालय १९१९ मध्ये बंद झाले. पुढे इथे जोगिणींचा मठ आणि शिक्षिकांचे प्रशिक्षण महाविद्यालय आले. आता ही वास्तू एडिनबरा नेपिअर विद्यापीठाकडे आहे. ‘हायड्रा’चे अंक आणि युद्धकवींचा संग्रह तिथे जपला आहे.

या वाटचालीत एक गोष्ट मात्र खटकते. हे दार फक्त अधिकाऱ्यांसाठी होते. साध्या शिपायाला तोच आजार झाला, तर विजेचे झटके देऊन ‘बरे’ करणारेही डॉक्टर होते. ब्रिटिश सैन्याने पळपुटेपणा, भेकडपणा अशा आरोपांवरून गोळ्या घातलेल्यांतही काहींचे मन आधीच कोलमडलेले होते. अशा आरोपांवरून गोळ्या घातलेल्या ३०६ जणांना सरकारने माफी दिली, ती २००६ साली.