हजेरीपटाबाहेरची माणसे

दसरा उलटला की जामखेड-पाथर्डीकडचे कोयते मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. ऐन दिवाळीत गावात उरतात ती म्हातारी माणसे, शाळेतली नातवंडे आणि दारांवरची कुलपे. मागच्या दिवाळीत अशाच एका गावी ओट्यावर बसलेल्या एका आजींना मी प्रकृती विचारली. म्हणाल्या, "दुखत काय न्हाई बाबा, पर जीवच लागंना." या दुखण्याला विम्याच्या कागदांत जागा कोठे, याचा मागोवा घेऊ लागलो, तो थेट १९४८ पर्यंत जावे लागले.

त्या वर्षी कामगार राज्य विमा कायदा झाला. मजुराच्या आजारपणाचा भार त्याने एकट्याने वाहू नये, ही कल्पना थोरच. परंतु कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी कोणते हे सांगणाऱ्या व्याख्येत साखर व गूळ यांची नावे स्पष्ट घातली! इकडे नगर जिल्ह्यातच, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. ज्या धंद्याने या जिल्ह्याचे रूप पालटले, त्यालाच हे दार बंद. ऊसतोड्याचे तर विचारूच नये. तो मुकादमाचा माणूस, कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव कोठले? आणि मागे राहिलेली त्याची आई कोणाच्याच पटावर नव्हती.

१९८६ साली मेडिक्लेम आला, तो हप्ता भरू शकणाऱ्यांसाठी. वय वाढे तसा हप्ताही वाढे. ज्याला विम्याची गरज अधिक, त्यालाच तो महाग. बाजाराच्या हिशेबात हे चुकत नसेल, माणुसकीच्या हिशेबात चुकते. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने विमा देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. २०२४ च्या ऑक्टोबरात आयुष्मान भारत योजना सत्तरीच्या प्रत्येक माणसाला, उत्पन्न न पाहता, खुली झाली. मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये. (जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले तेही त्याच वर्षी.) हे थोडके नव्हे. पण ही सारी सोय इस्पितळात खाट अडवणाऱ्या रोग्याची आहे. जीव न लागण्याचा आजार खाटेवर पडत नाही, तो ओट्यावर बसून राहतो. त्याला महिनोन्महिने गोळ्या लागतात, एस.टी.चे भाडे लागते आणि सोबतीला माणूस लागते. ते माणूस तर फडावर!

गंमत अशी, की ओट्यापर्यंत जाण्याची रीत याच जिल्ह्याने जगाला दाखवली. रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम आरंभिले. गावाने निवडलेली, बहुधा निरक्षर अशी बाई त्यांनी शिकवून तयार केली आणि ती घरोघर फिरू लागली. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचा मुख्य रोख बाळंतिणी, कुपोषित मुले आणि कुष्ठरोगी यांच्यावर होता, हे खरे. पण दाराशी येऊन चौकशी करणारे ओळखीचे माणूस हे म्हाताऱ्या मनाला औषधाइतकेच लागू पडते, असे मला वाटते. विमा खाटेचे भाडे मोजतो. त्या बाईच्या फेरीचे मोल त्याने का मोजू नये?

आजींकडे कार्ड होते. पत्र्याच्या पेटीतून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले, त्यांनी ते काढून दाखवले आणि हे कुठं चालतं म्हणून विचारले. मी नगरचे नाव घेतले.

"आन् तितवर न्याला कोन हाय?" त्या म्हणाल्या, आणि कार्ड पुन्हा पिशवीत गुंडाळू लागल्या.