स्क्रीनशॉट, घरगुती संगणकावरील

संगणकाच्या पडद्यावर एखाद्या क्षणी जे दिसते, त्याचे त्याच क्षणी उतरवून घेतलेले चित्र. पडदा रंगवण्यासाठी संगणकाने स्मृतीत मांडलेल्या ठिपक्यांचीच ही नक्कल असते. त्यामुळे मोबाइलने काढलेल्या पडद्याच्या फोटोतल्या पट्ट्या, चकाकी आणि तिरपेपणा तिच्यात येत नाही. विंडोजमध्ये माउसचा बाण सहसा या चित्रात उतरत नाही, कारण तो वेगळा, वरून रेखला जातो. कॉपी-संरक्षण असलेल्या चित्रपटाच्या जागी अनेकदा नुसता काळा चौकोन मिळतो.

‘प्रिंट स्क्रीन’ ही कळ आधी खरोखरच छपाईची होती. १९८१ च्या आयबीएम पीसीवर शिफ्टबरोबर ती दाबली की पडद्यावरचा मजकूर थेट प्रिंटरकडे जाई. पुढे विंडोजमध्ये पडद्याचे चित्र क्लिपबोर्डवर जाऊ लागले. कळ दाबल्यावर समोर काहीच घडत नसल्याने नवखे लोक ती पुन्हा पुन्हा दाबत. पेंट किंवा वर्ड उघडून ‘पेस्ट’ केल्यावरच चित्र दिसे. ऑल्टसह कळ दाबल्यास फक्त चालू खिडकी येते. विंडोज ८ पासून विंडोज कळीसह ती दाबली की ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डरात थेट फाइल जमा होते. हवा तेवढाच तुकडा घ्यायचा तर विंडोज, शिफ्ट आणि एस. घरच्या कामाला बहुतेक वेळा हाच मार्ग सोयीचा. मॅकवर कमांड आणि शिफ्टसोबत ३ दाबल्यास पूर्ण पडदा, ४ दाबल्यास निवडलेला भाग मिळतो.

चित्र पाठवताना त्याचा दर्जा अनेकदा बिघडतो, आणि मराठी मजकुराला त्याचा फटका अधिक बसतो. १९२० × १०८० ठिपक्यांचा पडदा स्मृतीत सुमारे ८ एमबी जागा घेतो. पीएनजी प्रकारात तो एकही ठिपका न गमावता बराच लहान होतो. व्हॉट्सॲपवर मात्र फोटो म्हणून पाठवला की तो दाबून जेपीईजी होतो. अक्षरांच्या कडांना करडी धूळ चढते, आणि दोन-तीन ठिपक्यांचा अनुस्वार त्या धुळीत हरवतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ फाइल शाबूत राहते. त्रुटीचा संदेश कोणाला दाखवायचा असेल तर चित्रासोबत तो मजकूर टंकूनही द्यावा. चित्रातली अक्षरे साध्या शोधात सहसा सापडत नाहीत, आणि अंध व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला ती सहसा वाचता येत नाहीत.

पाठवण्याआधी कडा पाहाव्यात: ब्राउझरचे उघडे टॅब, कोपऱ्यात आलेली सूचना, खाते क्रमांक. लपवायचा भाग अपारदर्शक काळ्या चौकोनाने झाकावा. धूसर केलेले आकडे कधीकधी ओळखता येतात, आणि हायलायटरचा गडद रंग पारदर्शक असतो. कापाकापीवरही डोळे मिटून विसंबू नये. मार्च २०२३ मध्ये पिक्सेल फोनच्या ‘मार्कअप’ या चित्रे कापण्याच्या सोयीत आणि पाठोपाठ विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये एक दोष उघड झाला. कापलेले चित्र जुन्याच फाइलवर साठवताना मूळ फाइलचे शेपूट छाटले जात नव्हते, त्यामुळे काढून टाकलेला भाग काही अंशी परत मिळवता येई. दोष दुरुस्त झाला, पण त्याआधी पाठवलेल्या फाइली तशाच राहिल्या.

स्क्रीनशॉट पुरावा म्हणून सर्रास दाखवला जातो. पण ब्राउझरमधल्या ‘इन्स्पेक्ट’ सोयीने पानावरचा कोणताही आकडा आपल्यापुरता क्षणात बदलता येतो, आणि मग घेतलेल्या चित्रात खोटेपणाची खूण उरत नाही. पडद्यावर काय होते एवढेच चित्र सांगते. जालना विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निर्णय दिला: मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलेले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र लागतेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही अट कायम असून, प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्यही (तिच्या आशयावरून काढलेली ओळखखूण) नोंदवावे लागते. म्हणून फसवणुकीची तक्रार करणाऱ्याने न कापलेली मूळ फाइल आणि पानाचा पत्ता जपून ठेवावा, आणि ज्या संगणकावर चित्र घेतले तो फॉरमॅट करू नये.